जुन्या शाळेतल्या नक्षीदार टाइल्स: पाहणीपासून दुरुस्तीपर्यंत

जुन्या शाळेच्या इमारतीचं काम निघतं तेव्हा छत, वायरिंग आणि स्वच्छतागृहं यांची यादी आधी होते. टाइल्सचं नाव निघतं ते शेवटच्या बैठकीत, तेही "अ‍ॅसिड मारून चकाचक करून घेऊ" एवढ्यापुरतं. सगळ्यात जास्त नुकसान त्या एका वाक्यानं होतं. हा लेख शाळेच्या समितीवर नव्यानं आलेल्यांसाठी, माजी विद्यार्थ्यांच्या गटांसाठी आणि पहिल्यांदाच असं काम हातात घेणाऱ्या तरुण वास्तुविशारदांसाठी आहे. सगळं स्वतःच्या हातानं करा असा आग्रह नाही. पण काय करायचं नाही आणि कुठल्या टप्प्यावर जाणकाराला बोलवायचं, एवढं कळलं तरी निम्मं काम वाचतं.

एक गोष्ट आधीच सांगतो, पुढे ती पुन्हा पुन्हा येईल. टाइल सहसा स्वतःहून बिघडत नाही. तिच्या मागची भिंत किंवा खालचा थर बिघडतो आणि त्रास टाइलवर दिसतो. मागची ओल थांबवल्याशिवाय पुढे कितीही सुबक काम केलं तरी ते थोड्याच वर्षांत पुन्हा उखडतं.

## १. आधी टाइल कुठल्या जातीची ते ओळखा

शाळांमध्ये टाइल आली ती मुख्यतः धुता यावी म्हणून. व्हरांड्यात आणि जिन्याच्या कडेला सव्वा ते दीड मीटर उंचीचा डाडो, म्हणजे भिंतीच्या खालच्या भागावरचा टाइल्सचा पट्टा, हा शाई, तेलकट हात आणि ओली दप्तरं यांच्यापासून भिंतीचा बचाव. नक्षी त्यावर चढली. काही ठिकाणी मात्र टाइल मुद्दाम शोभेसाठीच बसवली गेली. अमेरिकेतल्या सिनसिनाटीच्या जुन्या शाळांमध्ये रुकवुड पॉटरीची पाणी प्यायची कारंजी आहेत, त्यातली काही पास होऊन बाहेर पडणाऱ्या वर्गांनी शाळेला भेट दिलेली. १८८० साली सुरू झालेल्या रुकवुडसारखंच डेट्रॉइटच्या पिवाबिक पॉटरीचं काम तिथल्या शाळांत दिसतं. अशा वस्तूचा नियम डाडोहून वेगळा: ती एकच असते, दुसरी मिळणार नसते. तिला हात लावायचा तो फक्त संवर्धकानं, म्हणजे जुन्या वस्तू जपण्याचं काम शिकलेल्या तज्ज्ञानं.

जात ओळखायची तर टवका उडालेली एखादी टाइल शोधा आणि तिचा छेद बघा.

ग्लेझ दिलेली भिंतीची टाइल. वर काचेसारखा पातळ थर, खाली पांढरं, पिवळट किंवा तपकिरी सच्छिद्र अंग. १९व्या शतकातलं नेहमीचं माप ६ इंच × ६ इंच, म्हणजे १५२ मि.मी. उठावाची नक्षी असेल तर ग्लेझ खोलगट जागी साचून गडद दिसतं आणि उंचवट्यावर फिकट. बारीक रेघांचं सपाट चित्र असेल तर ते बहुधा छापून उतरवलेलं. रंगांच्या मधली रेघ बोटाला उंच लागत असेल तर ती मातीच्या पातळ राबडीनं, मेंदीच्या कोनासारख्या नळीतून काढलेली.

एन्कॉस्टिक, म्हणजे वेगवेगळ्या रंगांच्या माती भरून केलेली जमिनीची टाइल. नक्षी वर काढलेली नसते, अंगात काही मिलिमीटर खोल भरलेली असते. म्हणून वरून झिजली तरी नक्षी राहते. मध्ययुगीन मठांच्या जमिनींवरची ही पद्धत विस्मरणात गेली होती. इंग्लंडमध्ये १८३० साली सॅम्युएल राइट यांनी तिचं पेटंट घेतलं आणि हर्बर्ट मिंटन यांनी पुढे कारखान्यात ती चालती केली. कोरडी माती दाबून घडवायची रिचर्ड प्रॉसर यांची १८४० ची युक्तीही मिंटन यांनीच टाइल्सकडे वळवली. मुळात ती बटणं बनवण्यासाठी होती.

सिमेंटची नक्षीदार लादी. ही भाजलेलीच नसते. वर पांढरं सिमेंट, संगमरवराची भुकटी आणि रंग यांचा साधारण ३–४ मि.मी. थर, खाली करडं सिमेंट, आणि सगळं यंत्रानं दाबलेलं. एन्कॉस्टिक आणि सिमेंटची लादी दुरून सारख्याच दिसतात आणि इथेच लोक फसतात. सुटलेला एखादा तुकडा उलटा करा, चिकटलेला जुना गारा खरवडून टाका आणि ताज्या तुटक्या कडेवर व्हिनेगरचा थेंब टाका. बुडबुडे आले तर सिमेंट, नाही आले तर भाजलेली माती. ही परीक्षा टाइलच्या दर्शनी बाजूवर कधीही करायची नाही.

मागची बाजू दिसत असेल तर तिथला शिक्का, अंक आणि खाचांची रचना यांचा फोटो घ्या. कारखाना त्यावरूनच कळतो.

## २. कागदपत्रं जमवा

काम सुरू होण्याआधी एका फाइलमध्ये हे हवं:

- मालकाची किंवा विश्वस्तांची लेखी संमती
- इमारत वारसा यादीत असेल तर संबंधित प्राधिकरणाची परवानगी. "आम्ही फक्त धुतोय" म्हणून ही टाळू नका, धुण्याच्या पद्धतीलाही परवानगी लागू शकते
- जुने नकाशे, बांधकामाची बिलं, शाळेचे वार्षिक अहवाल, समूहछायाचित्रं
- शिसं आणि अ‍ॅस्बेस्टॉस यांच्या तपासणीचा अहवाल
- सुट्ट्यांचं वेळापत्रक आणि कुठला मार्ग कधी बंद राहील याचा आराखडा

वर्गाच्या समूहछायाचित्रांना कमी लेखू नका. मुलं व्हरांड्यात ओळीनं उभी असतात आणि त्यांच्या मागे अख्खा डाडो असतो. गहाळ झालेल्या किनारपट्टीची नक्षी कितीदा तिथेच सापडते.

शिशाचा मुद्दा हलक्यात घेऊ नका. जुन्या ग्लेझमध्ये आणि त्यावर नंतर फासलेल्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं. टाइल भिंतीवर शांत बसली आहे तोवर फारशी चिंता नाही, पण ग्राइंडर किंवा सँडपेपर लावला की त्याची धूळ होते आणि ती मुलांच्या हातातोंडाशी जाते. जमिनीवरच्या जुन्या व्हिनाइल टाइल्स आणि त्यांच्याखालच्या काळ्या गोंदात अ‍ॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते. खाली नक्षीची जमीन आहे म्हणून ते उत्साहानं खरवडायला घेऊ नका. आधी नमुना तपासणीला द्या.

## ३. साहित्य

पाहणीसाठी: टॉर्च, १ मीटरची सरळ पट्टी, रंगपट्टी आणि मोजपट्टीसह कॅमेरा, प्लॅस्टिकच्या मुठीचा स्क्रूड्रायव्हर, ओल मोजायचं यंत्र, बाहेरून नळ आणि पन्हाळ पाहायला शिडी.

सफाईसाठी: मऊ केसांचे ब्रश, हेपा फिल्टरचा व्हॅक्यूम, क्षारमुक्त पाणी, पीएच ७ चा साधा द्रवरूप साबण, कापूस आणि बांबूच्या काड्या, लाकडी व प्लॅस्टिकच्या पट्ट्या, दोन बादल्या, सुती फडकी.

दुरुस्तीसाठी: पातळ लवचीक पटाशा, हातकरवतीची पाती, लाकडी ठोकळी, कमी चिकटणारी टेप, चुन्याचा गारा, इंजेक्शनच्या सुया.

अंगावर एन-९५ किंवा त्याहून वरचा मास्क, चष्मा, नायट्राइलचे हातमोजे.

## ४. प्रत्येक टाइलला पत्ता द्या

हे काम कंटाळवाणं आहे आणि म्हणूनच वगळलं जातं. भिंतीला नाव, आडव्या ओळींना जमिनीपासून वर अंक, उभ्या रांगांना डावीकडून अक्षरं. "पूर्व जिना, ३-क" म्हटलं की दोन वर्षांनी आलेल्या माणसालाही तीच टाइल सापडली पाहिजे. फोटो समोरून, कॅमेरा भिंतीला समांतर ठेवून घ्या, शेजारच्या दोन फोटोंत थोडा भाग सामाईक येऊ द्या. मग तीच भिंत अंधारात, टॉर्च भिंतीला जवळपास टेकवून कडेनं प्रकाश टाकत पुन्हा बघा. सरळ उजेडात गुळगुळीत वाटणारी भिंत या उजेडात लाटांसारखी दिसते. फुगवटा, सुटलेले कोपरे, आधीच्या दुरुस्त्या सगळं उघडं पडतं.

नकाशावर खुणा सोप्या ठेवा: ब (बद्द, म्हणजे टकटक केल्यावर पोकळ वाजणारी), ट (टवका), ज (ग्लेझवर बारीक भेगांचं जाळं), ल (लोणा, म्हणजे भिंतीतून वर येणारे क्षार), भ (खिळ्याचं भोक), र (रंग फासलेला), न (नंतर बसवलेली). टाइलवर पेन्सिलीनं किंवा मार्करनं काहीही लिहायचं नाही. जाळं पडलेल्या ग्लेझमध्ये मार्करची शाई शिरली की ती निघत नाही.

## ५. टकटक करून ऐका

शाळा रिकामी असताना ही तपासणी करा. बोटाच्या पेरानं किंवा स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं प्रत्येक टाइलवर पाच जागी हलकी टकटक: चार कोपरे आणि मध्य. पक्की टाइल खणखणीत वाजते, मागून सुटलेली बद्द वाजते.

आता सगळ्यात महागडी चूक. बद्द वाजली म्हणून टाइल काढायची नसते. शंभर वर्षांच्या डाडोत कित्येक टाइल्स मागून सुटलेल्या असतात आणि शेजाऱ्यांच्या आधारानं निवांत उभ्या असतात. म्हणून पुढची पायरी: अंगठ्यानं कोपरे दाबून बघा.

- बद्द आहे पण हलत नाही, सांधे शाबूत: फक्त नोंद. वर्षभरानं पुन्हा बघा.
- हलते, सांध्याला केसाएवढी भेग: जागच्या जागी पक्की करायच्या यादीत.
- पुढे आलेली, सरळ पट्टी लावली तर खाली फट दिसते: आज बंदोबस्त.

पुढे आलेला भाग मुलांच्या डोक्याच्या उंचीवर असेल तर त्यावर फोम लावलेली प्लायवूडची फळी टेकवून आधार द्या आणि तो रस्ता बंद करा. ठोकून आत बसवायचा मोह टाळा. फुगलेल्या टाइल्स एकमेकींना दाबून धरत असतात, एक निसटली तर शेजारच्या उडून बाहेर येतात. जमिनीवर हाच प्रकार तंबूसारखा दिसतो, दोन रांगा छपरासारख्या एकमेकींवर टेकून उठतात. भाजलेली माती वर्षानुवर्षं हवेतली ओल घेत अगदी किंचित वाढत राहते. जुन्या कामात भिंतीलगत फुगायला जागा ठेवलेली नसते, त्यामुळे ती वाढ कुठेतरी उसळी मारते.

## ६. ओल आणि लोणा

हा विभाग घाईनं वाचू नका.

पाणी भिंतीत शिरतं, सोबत विटांतले आणि जमिनीतले क्षार विरघळवून आणतं, आणि जिथून वाफ होऊन बाहेर पडता येईल तिथे ते क्षार टाकून निघून जातं. ग्लेझमधून वाफ जात नाही. मग वाट उरते ती सांध्यांची आणि ग्लेझवरच्या जाळ्याच्या भेगांची. क्षाराचे स्फटिक ग्लेझच्या आतल्या बाजूला वाढतात आणि तिला आतून ढकलतात. पहिल्यांदा कडेचं ग्लेझ नखाएवढ्या पोपड्यांनी सुटतं, मग आतलं अंग पिठासारखं भुसभुशीत होतं.

आता जुना चुन्याचा सांधा सिमेंटनं भरला की काय होतं ते बघा. चुना सच्छिद्र असतो. पाणी त्यातून बाहेर पडायचं, क्षार सांध्यात साचायचे, सांधा झिजायचा, काही दशकांनी गवंडी तो पुन्हा भरायचा. सांधा हा मार खायलाच ठेवलेला असतो. सिमेंट घट्ट असल्यामुळे पाणी सांध्याऐवजी टाइलच्या अंगातून वाट काढतं. सांधा टिकतो आणि टाइल मरते. डाडोभोवती करडा, टणक, ठसठशीत सांधा दिसला आणि त्याच्या कडेनं ग्लेझ उडालेलं दिसलं तर कारण शोधायला लांब जायची गरज नाही.

ओलीचा उगम आकारावरून बराचसा कळतो. जमिनीपासून वर मीटरभर आडवा पट्टा असेल तर ओल खालून चढते आहे किंवा बाहेर पाणी भिंतीवर उडतं आहे. गोल डाग असेल तर आत नळ असण्याची शक्यता. वरच्या कोपऱ्यातून खाली येणारा ओघळ असेल तर तुंबलेली पन्हाळ किंवा फुटलेला पाइप. बाहेर जाऊन बघा: बागेची माती किंवा नवा रस्ता आतल्या जमिनीच्या पातळीपेक्षा वर चढला आहे का? शाळांमध्ये हे फार होतं. दर काही वर्षांनी अंगणात नवा थर पडतो आणि कुणीही पातळी मोजत नाही.

दोन टोकं टोचून ओल मोजणारं यंत्र खारट भिंतीत नेहमी जास्त आकडा दाखवतं, कारण क्षारातून वीज सहज वाहते. त्यामुळे आकड्याला सत्य मानू नका. त्याच जागी दर महिन्याला मोजा आणि आकडा चढतोय की उतरतोय एवढंच बघा.

उगम बंद केल्यावर थांबा. जाड भिंत वाळण्याचा ढोबळ ठोकताळा असा की दर २५ मि.मी. जाडीला एक महिना. म्हणजे ४५० मि.मी.च्या भिंतीला दीड वर्ष. ठेकेदाराला हे आवडत नाही, समितीला तर त्याहून नाही. पण ओल्या भिंतीवर केलेली दुरुस्ती म्हणजे क्षारांना नवी टाइल देणं.

या काळात वर येणारा लोणा कोरड्या मऊ ब्रशनं झाडा आणि व्हॅक्यूमनं उचला. पाण्यानं पुसलात तर तो विरघळून परत आत जातो. झाडल्याची तारीख लिहा, महिन्यानं किती परत आला ते बघा. दरवेळी कमी येत असेल तर भिंत वाळते आहे.

## ७. सफाई

आधी कोरडी, मग ओली, आणि ओलीतही जितकं कमी पाणी तितकं चांगलं.

सुटं ग्लेझ असलेली टाइल सफाईतून वगळा. बाकीच्यांवर मऊ ब्रश आणि व्हॅक्यूम फिरवा. मग दरवाजामागे किंवा कपाटाच्या आड ५ × ५ से.मी.चा तुकडा परीक्षेसाठी निवडा. १ लिटर क्षारमुक्त पाण्यात २–३ मि.लि. साबण. कापूस काडीला गुंडाळून ओला करा, पिळा आणि टाइलवर लाटण्यासारखा फिरवत न्या, घासू नका. दर वेळी कापूस बघा. काळा, पिवळा, तपकिरी निघाला तर मळ आहे. निळा, हिरवा किंवा सोनेरी निघाला तर लगेच थांबा. तो मळ नाही, ग्लेझवर नंतर चढवलेला रंग किंवा मुलामा आहे. दुसऱ्या दिवशी, तुकडा पूर्ण वाळल्यावर, उजेडात पुन्हा बघा आणि मगच पुढे जा.

भिंत धुताना खालून वर जा. वरून सुरुवात केली तर साबणाचे ओघळ खालच्या कोरड्या मळावर पट्टे पाडतात. नंतर स्वच्छ पाण्याचं फडकं वरून खाली, आणि लगेच सुक्या सुती कापडानं टिपून घ्या. सांध्यांत पाणी उभं राहू देऊ नका.

काय वापरायचं नाही, आणि का:

अ‍ॅसिड. बाजारात "टाइल क्लीनर" म्हणून मिळणारं बरंचसं द्रावण हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडचंच असतं. ते चुन्याचे सांधे खातं, शिशाच्या ग्लेझची चमक मारतं आणि मागे क्लोराइड क्षार ठेवतं, म्हणजे लोण्याला नवा खुराक. सिमेंटच्या लादीवर तर रंगाचा थरच फसफसून निघतो. गंज काढायच्या काही द्रावणांत हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिड असतं, ते थेट काच खातं आणि माणसालाही फार घातक.

ब्लीच. डाग उडाल्यासारखा वाटतो, पण क्षार आत राहतात.

तारेचा ब्रश, स्टील वूल. लोखंडाचे कण जाळ्यात अडकून गंजतात आणि पूर्वी नसलेले तपकिरी ठिपके उगवतात.

पांढरा "मॅजिक" स्पंज. मऊ लागतो, पण तो बारीक सँडपेपरच आहे. चमकदार ग्लेझ मंद होतं.

जवसाचं तेल, घट्ट लाखेसारखे सीलर. तेल काळवंडतं, सीलर ओल कोंडतं.

रंग फासलेल्या टाइल्स: आधी रंगाचा नमुना शिशासाठी तपासा. मग बेंझिल अल्कोहोलवर आधारित लगदा-स्वरूपाचा रंगकाढू लावा, वर प्लॅस्टिकचा पातळ कागद झाका, परीक्षेच्या तुकड्यावर किती वेळानं रंग मऊ पडतो ते ठरवा आणि प्लॅस्टिकच्या पट्टीनं उचला. उठावाच्या नक्षीत बांबूची काडी. ब्लेड फक्त सपाट, चमकदार, जाळं नसलेल्या ग्लेझवर, तेही जवळपास आडवं धरून.

ग्लेझवरचं जाळं हा स्वतः दोष नाही. ग्लेझ आणि अंग यांचं आकुंचन जुळलं नाही, किंवा अंग ओल घेऊन वाढलं, की ते पडतं. जाळ्यात मुरलेला मळ काढायचा असेल तर कागदाचा लगदा क्षारमुक्त पाण्यात भिजवून साधारण १० मि.मी. जाडीचा लेप द्या आणि सावकाश वाळू द्या. वाळताना तो मळ ओढून घेतो. दोन-तीन वेळा करूनही राहिलं तर राहू द्या.

जमिनीवर सगळ्यात मोठा सापळा पॉलिशच्या यंत्राचा. सिमेंटच्या लादीचा रंगथर ३–४ मि.मी. आहे हे आठवा. दगडी फरशीसारखं दोन-तीनदा घासलं की नक्षी संपली, खालचं करडं सिमेंट उघडं. ते परत आणता येत नाही. जमिनीवरचं जुनं मेण अ‍ॅसिड नसलेल्या मेणकाढूनं आणि पांढऱ्या पॅडनं काढा. हिरवे, तपकिरी, काळे पॅड भांडी घासायच्या काथ्याच्या जातीचे, ते लांबच ठेवा.

## ८. सुटी टाइल: जागेवर पक्की करणं, नाहीतर काढणं

पहिला पर्याय नेहमी जागेवर पक्की करण्याचा. टाइलला कमी चिकटणाऱ्या टेपनं शेजारच्यांशी बांधा. ग्लेझ सुटत असेल तर टेप अजिबात नको. तिथे आधी संवर्धकानं पातळ जपानी कागद आणि परत निघणारा डिंक लावून तोंड सांभाळावं. सांध्यातून सुई घालून आधी थोडं पाणी व अल्कोहोल, मग चुन्याचं पातळ इंजेक्शन, खालून वर. वरच्या भोकातून बाहेर आलं की थांबा. फळी आणि फोमनं हलका दाब देऊन काही दिवस ठेवा. जोर लावून भरलात तर हा गारा टाइलला बाहेर ढकलतो.

काढावीच लागली तर फुटक्या टाइलपासून सुरुवात करा. तिचा बळी देऊन मधून फोडा, तुकडे आतल्या बाजूला ओढून काढा. आता शेजारच्या टाइलच्या मागे पटाशी घालायला जागा झाली. चारही सांधे हातकरवतीच्या पात्यानं मोकळे करा. जुने सांधे कित्येकदा १ ते २ मि.मी.च असतात, तिथे अँगल ग्राइंडरची चकती बसतच नाही, ती दोन्ही टाइल्सच्या कडा खाऊन जाते. दोन पातळ पटाशा समोरासमोरच्या बाजूंनी थोड्या थोड्या आत सरकवा, लाकडी ठोकळीनं हलके ठोके. एका कोपऱ्यावर कधीही जोर देऊ नका.

मागचा थर चुन्याचा असेल तर टाइल येते. सिमेंटचा असेल तर तो टाइलपेक्षा टणक असतो आणि टाइल मधून फुटते. एक-दोन प्रयत्नांत हे लक्षात येतं. मग हट्ट सोडा, बाकीच्या जागेवरच राहू द्या.

काढलेली टाइल लगेच तिच्या पत्त्याच्या चिठ्ठीसह उभी ठेवा, मध्ये फोम. मागचा गारा छोट्या छिन्नीनं, टाइल वाळूच्या पिशवीवर ठेवून काढा. खारवलेली आणि ग्लेझ पक्कं असलेली टाइल क्षारमुक्त पाण्यात बुडवा, रोज पाणी बदला आणि पाण्याची विद्युतवाहकता मोजा. आकडा खाली येऊन स्थिरावला की बाहेर काढून सावलीत वाळवा.

## ९. टवके आणि तुकडे

तुटलेले तुकडे जोडायला अ‍ॅसिटोनमध्ये विरघळणारा अ‍ॅक्रिलिक डिंक, पॅरालॉइड बी-७२, संवर्धक वापरतात. चूक झाली तर तो परत सोडवता येतो. जमिनीवर भार येणाऱ्या जागी इपॉक्सी लागतं. टवका भरल्यावर रंग फक्त भरलेल्या जागेवर द्यायचा, मूळ ग्लेझवर एक मिलिमीटरही चढवायचा नाही. छोटे टवके तसेच सोडले तर माझ्या मते भिंत जास्त खरी दिसते. स्क्रूची भोकं मात्र भरा, त्यातून पाणी जातं.

## १०. नवी टाइल बनवून घेताना

आधी जुन्यातली मिळते का बघा. कपाटामागे, फळ्याच्या आड, जिन्याखालच्या खोलीत तीच टाइल लपलेली असू शकते. परवानगी घेऊन ती दर्शनी भागात आणता येते आणि तिच्या जागी नवी बसवता येते. कुठून कुठे गेली ते नकाशावर लिहा.

नवी घडवायची तर नवख्यांचा ठरलेला घोटाळा असा: जुन्या टाइलवरून प्लास्टरचा साचा काढतात, त्यात माती दाबतात, भाजतात, आणि टाइल छोटी निघते. माती वाळताना आणि भाजताना आकसते. आकसणं ८ टक्के धरलं तर १५२ मि.मी.च्या साच्यातली टाइल १४० मि.मी.च्या आसपास भरते. एका टाइलला १२ मि.मी., दहा टाइल्सच्या रांगेत १२ से.मी. कमी. उलटा हिशेब करायचा: १५२ ÷ ०.९२ = १६५. साचा १६५ मि.मी.चा हवा.

प्रत्येक मातीचं आकसणं वेगळं, म्हणून ८ टक्के हा आकडा कुणाकडून उसना घेऊ नका. ठरलेल्या मातीची पट्टी लाटा, ओली असतानाच तिच्यावर १०० मि.मी. अंतरावर दोन रेघा ओढा, ठरलेल्या तापमानाला भाजा आणि अंतर पुन्हा मोजा. ९१ भरलं तर आकसणं ९ टक्के. नक्षीचा उठावही तेवढाच आकसतो, त्यामुळे मूळ नमुना मोठा करून घडवावा लागतो. त्रिमितीय स्कॅन करून हे सोपं जातं.

रंगासाठी किमान तीन-चार नमुने मागा आणि ते व्हरांड्यात, त्याच भिंतीशेजारी, सकाळच्या उजेडात आणि दिव्याखाली बघा. शिशाच्या जुन्या ग्लेझची खोली बिनशिशाच्या ग्लेझला पूर्ण येत नाही. जवळ जाणं पुरे. लागतील त्यापेक्षा १०–१५ टक्के जास्त मागवा, कारण दुसऱ्या भट्टीची छटा जुळत नाही. आणि प्रत्येक नव्या टाइलच्या मागे साल कोरायला सांगा, म्हणजे पुढे कुणी तिला जुनी समजणार नाही.

जाडीही मोजा. जुनी १२ मि.मी. आणि नवी ८ असेल तर फरक मागच्या गाऱ्यात भरून काढायचा, नाहीतर टाइल खड्ड्यात बसल्यासारखी दिसते.

## ११. बसवणं आणि सांधे

मागची जागा जुन्या गाऱ्यापासून मोकळी करा, धूळ काढा, ओली करा. गारा: हायड्रॉलिक चुना एनएचएल ३.५ एक माप, धुतलेली खरबरीत वाळू अडीच माप. पाणी बेतानं. थापीवर लाडू धरला तर तुटू नये आणि हाताला पाणी सुटू नये. ग्लेझच्या टाइल्स २०–३० मिनिटं पाण्यात भिजवून निथळून घ्या. कोरडं अंग गाऱ्यातलं पाणी एका दमात पितं, गारा भुकटी होतो आणि टाइल महिन्याभरात बद्द वाजायला लागते.

आधाराला खाली लाकडी पट्टी लावा, टाइलच्या मागे ८–१२ मि.मी. गारा पसरा, दाबा, सरळ पट्टी शेजारच्या जुन्या टाइल्सवर टेकवून पातळी जुळवा. ओळंबा लावून "सरळ" करायला जाऊ नका. जुनी भिंत किंचित कललेली असते, नवी टाइल तिच्यासारखीच कलली पाहिजे.

सांधे दुसऱ्या दिवसानंतर भरा: मुरवलेला चुना आणि संगमरवराची बारीक भुकटी, समप्रमाणात. टाइलवर सांडलेलं लगेच टिपा. सिमेंटच्या लाद्या असतील तर सांधे भरण्याआधी त्यांना श्वास घेऊ देणारं सीलर लावा, कारण त्यांच्यावर पडलेला सांध्याचा डाग कायमचा. पुढचे ३–५ दिवस ओलसर फडकं लावून ठेवा. तापमान ५ अंशांच्या खाली असेल तर काम करू नका. जमिनीवर किमान आठवडाभर पाय नको, बाकं आणि कपाटं महिन्यानंतर. भिंतीलगत फुगायला फट ठेवा आणि ती कडक गाऱ्यानं भरू नका.

## १२. शाळा पुन्हा भरल्यावर

नुकसान आता रोजच्या वापरातून होतं, म्हणून थोडक्यात नियम लिहून मुख्याध्यापकांच्या आणि सफाई कर्मचाऱ्यांच्या हातात द्या. सफाई कर्मचाऱ्यांशी समोर बसून बोला. नुसता कागद चिकटवून भागत नाही, कारण रोज बादली त्यांच्याच हातात असते.

- स्क्रू मारायचाच असेल तर सांध्यात, टाइलमध्ये नाही. सूचनाफलक डाडोच्या वर.
- दुहेरी चिकटणारी टेप बंद. जाळं पडलेलं ग्लेझ ती सोबत घेऊन निघते.
- बाकांच्या पायांना रबर, ट्रॉलीला मऊ चाकं.
- दारात लांब पायपुसणं. बुटाखालची वाळू ही जमिनीची खरी शत्रू.
- ओलं पुसणं पिळलेल्या फडक्यानं. बादली ओतायची नाही.
- वर्षातून एकदा नकाशा घेऊन टकटक, आणि पावसाळ्याआधी पन्हाळी साफ.

उरलेल्या टाइल्स, ग्लेझचे नमुने, मातीची भाजलेली पट्टी आणि साचा एका लाकडी पेटीत ठेवा. पेटीत नकाशाची एक प्रत, चुन्याचं प्रमाण आणि भट्टीचं तापमान लिहिलेला कागद. पेटी कुठल्या खोलीत आहे ते शाळेच्या सामानाच्या नोंदवहीत चढवा, आणि पेटीच्या झाकणावर मोठ्या अक्षरांत "भंगारात देऊ नये" असं लिहा.